टाळ थांबत नाही तेव्हा

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या संध्याकाळी हरिपाठानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)





गेले सहा दिवस दिंडीच्या शंभर वर्षांचं कौतुक आपण ऐकलं. पूर्वी बैलगाड्या होत्या, पुढे ट्रक आले. भाकरी बांधून निघणारी पंधरा-वीस माणसं होती, आता राहुट्या पुरत नाहीत. हे सगळं खरं आहे आणि ऐकून ऊर भरून येतो. पण आम्ही आज कौतुक सांगायला उभे नाही. आमच्या घरात घडलेली एक गोष्ट सांगायची आहे. ती चारचौघांत सांगावी की नाही, हा प्रश्न होता. जिची गोष्ट आहे तिलाच विचारलं. ती म्हणाली, "सांगा आबा. फक्त माझं नाव नका घेऊ, आणि तुमचं चुकलं ते गाळू नका." तेव्हा दोन्ही पाळून बोलतो.

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या माळकरी. दिंडीची वीणा कित्येक वर्षं आमच्या गळ्यात होती. घरात दिवेलागणीला हरिपाठ, दशमीला एकभुक्त, एकादशीला उपास, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आमची नात सहा वर्षांची असताना पंढरपुरात तिच्या गळ्यात माळ घातली. पोरगी हुशार. आठव्या वर्षी हरिपाठ तोंडपाठ, दहाव्या वर्षी तुळस डोक्यावर घेऊन दिवेघाट चढलेली. लोक म्हणत, विणेकरीबुवांच्या घरचं वळण आहे. ते ऐकून आम्हांला अभिमान वाटायचा. पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचायचं नाही, मैत्रिणीच्या घरी पाणी प्यायचं नाही, सहलीला जायचं नाही, हेही त्याच वळणात होतं. तिच्या भावाला मात्र सहलीला पाठवलं. त्याला मृदंग शिकायला आळंदीला ठेवलं. तिनं मृदंगाला हात लावला तर "पोरीच्या जातीला कशाला?" असं आम्हीच म्हणालो होतो.

दहावी झाल्यावर ती आमच्याबरोबर वारीला आली. आळंदीपासून वाल्ह्यापर्यंत तुळस तिच्या डोक्यावर होती. वाल्ह्याच्या तळावर तिची अडचण आली. आपल्या दिंडीत रीत होती, ती इथल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे. तुळस दुसरीकडे दिली. तिला सांगितलं, चार दिवस ट्रकच्या मागं चाल, हरिपाठाला राहुटीत येऊ नको, पंगतीत बसू नको. दुसऱ्या दिवशी नीरेवर माउलींच्या पादुकांना स्नान झालं, अख्खी वारी पाण्यात उतरली. ती काठावर लांब उभी. पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व धावून गेला, टापांखालची माती कपाळाला लावायला आपण सगळे धावलो. ती ट्रकच्या फळीला टेकून बघत होती. आमची नजर तिच्याकडं गेली होती. आम्ही ती वळवली.

पंढरपूरहून घरी आलो. श्रावणात एका संध्याकाळी हरिपाठाला ती आली नाही. बघतो तर देव्हाऱ्यात, विठोबाच्या पायापाशी, तिची माळ ठेवलेली.

माउली, त्या रात्री घरात काय झालं ते विचारू नका. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी सांगितलं, "माळ नाही तर कॉलेज नाही. या घरात जेवण नाही." तिनं ताट सरकवलं, खोलीत गेली, आतून कडी लावली. आम्ही काय केलं? लेकाचीच बाजू घेतली. दाराबाहेर उभं राहून नरकाच्या यातना सांगितल्या, घराण्याची अब्रू सांगितली, पणजोबांची पायी वारी सांगितली. आतून आवाज आला, "आबा, मी विचारते त्याचं उत्तर तुम्ही देत नाही. तुम्ही कीर्तन करता."

दोन दिवस ती पाण्यावर होती. तिची आई दाराशी बसून रडायची.

तिसऱ्या दिवशी आपले जुने टाळकरी घरी आले. वय ऐंशीच्या पुढं, अक्षरओळख बेताची, वारी एकही चुकलेली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आम्हांला एकच विचारलं, "बुवा, समाज आरतीला एखाद्या दिंडीचा टाळ थांबला नाही, तर चोपदार त्या दिंडीला वारीतून हाकलून देतो का?"

समोरच्या लहान पोरांसाठी सांगतो. पालखी तळावर पोचली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतो आणि एवढी लाखांची वारी एका क्षणात गप्प होते. पण एखाद्या दिंडीला काही गाऱ्हाणं असेल, कुणी अन्याय केला असेल, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडं चालत जातो, विचारतो, ऐकून घेतो. निवाडा होतो, हरवलं-सापडलं पुकारतात, आणि मग आरती. गाऱ्हाणं असणाऱ्यानं टाळ वाजवत राहणं हा आपल्याकडं गुन्हा नाही, ती रीत आहे. टाळ वाजवणारा वारीबाहेरचा नसतो. आपला असतो म्हणूनच वाजवतो.

टाळकरीबाबा निघून गेले. आमच्या डोक्यात मात्र ते घुमत राहिलं. तीन दिवस पोरीचा टाळ वाजत होता आणि आम्ही चोप उगारून नुसतं "गप्प" म्हणत होतो. चालत कुणीच गेलं नव्हतं.

रात्री झोप नाही. उभा जन्म ज्या संतांची नावं घेतली ती एकेक आठवू लागली. मुक्ताई. भाऊ जगाच्या बोलण्यानं दुखावून झोपडीचं दार लावून बसले, तेव्हा दाराशी उभी राहून थोरल्या भावाला समजावणारी ती धाकटी बहीण. ते ताटीचे अभंग आम्ही किती वेळा लावले असतील! चांगदेवांसारख्या योग्यानं गुरू केलं तेव्हा ती पोरच होती. जनाबाई, ज्या देवाशी हक्कानं भांडल्या. सोयराबाई, ज्यांच्या अभंगात विटाळाचाच प्रश्न आहे, की विटाळ देहात आहे तर त्यावाचून जन्मलेला देह दाखवा कुठं आहे. आणि शिऊरच्या बहिणाबाई. देवगावची, कुलकर्णी ब्राह्मणाच्या घरची लेक, अगदी बालपणी तिशीच्या बिजवराला दिलेली. कोल्हापुरात जयराम स्वामींच्या कीर्तनाला जायची म्हणून नवऱ्यानं बांधून मारलं. तरी तिनं तुकोबांना गुरू मानलं, ते स्वप्नात आले असं सांगितलं. ब्राह्मणाच्या बायकोनं कुणब्याला गुरू करावं, केवढा गहजब! तेव्हा तिचं वय जेमतेम अकरा-बाराचं. हे सगळं तिनं स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवलं आहे. पुढे तोच नवरा तिच्याबरोबर देहूला आला.

या बहिणाबाईंना आपण फोटोत हार घालतो. पण त्यांच्याच वयाची पोर आपल्या घरात तसंच काही विचारायला लागली, तर आपण कुणाच्या जागेवर उभे राहतो? त्या रात्री आम्हांला आमची जागा दिसली. बरी नव्हती.

पहाटे दाराशी गेलो. म्हटलं, "बाळ, मी काही सांगायला आलो नाही. ऐकायला आलोय." बऱ्याच वेळानं कडी निघाली.

तिनं तीन गोष्टी विचारल्या. पहिली : "माळ म्हणजे नेम ना आबा? तुम्हीच सांगता, माळ घालणारा पांडुरंगासमोर शब्द देतो. मी सहा वर्षांची होते. मी कोणता शब्द दिला?" दुसरी : "एकच विठोबा, एकच हरिपाठ, मग दादाला एक नियम आणि मला दुसरा का?" तिसरी : "चार दिवस मी ट्रकच्या मागं चालले. पुढची दिंडी माझी नव्हती, मागची दिंडी माझी नव्हती. तेव्हा मी वारीत होते का वारीबाहेर?"

पहिल्या दोन्हींवर आम्ही म्हणालो, "तुझं खरं आहे." तिसऱ्याला उत्तर सुचेना. तेवढ्यात तिची आजी चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. म्हणाली, "अहो, मी पंचवीस वर्षं अशीच गाडीच्या मागं चालले. एकदा नीरेच्या काठावर बसून खूप रडले होते." आम्ही म्हणालो, "कधी बोलली नाहीस?" ती म्हणाली, "कधी विचारलंत?"

माउली, आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली आहेत.

गोष्ट इथं गोड करून संपवता आली असती. तशी ती नाही. पोरीनं माळ परत घातली नाही. म्हणाली, "मला घालावीशी वाटेल तेव्हा मी स्वतः मागेन. नाही वाटली तरी मी तुमचीच नात आहे ना?" आम्ही "हो" म्हणालो. माळ अजून देव्हाऱ्यातच आहे. चिरंजीव महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग कॉलेजच्या प्रवेशाची शेवटची तारीख आली, त्या सकाळी मुकाट्यानं गाडी काढली आणि तिला तालुक्याला घेऊन गेले. अजूनही माळेचा विषय निघाला की उठून जातात. त्यांनाही वेळ लागेल. त्यांना तसं आम्हीच घडवलं आहे.

दिंडीच्या बैठकीत हा विषय आम्हीच काढला. मोठी वादावादी झाली. शेवटी ठरलं, त्या चार दिवसांत कुणी कुठं चालायचं हे ज्या त्या माउलीनं ठरवावं, दुसऱ्यानं विचारू नये. दोन घरं या कारणानं आपल्याबरोबर चालायची थांबली. त्यांचं आम्हांला फार वाईट वाटतं. त्यांच्याही टाळाचा आवाज येतो आहे, आणि आम्ही त्यांच्याकडं जाऊन आलो, पुन्हा जाऊ.

काही जण म्हणतात, अशानं परंपरा बुडेल. आपली दिंडी निघाली तेव्हा पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडं नव्हतं. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, त्यांच्या भावंडांना दारातूनच परत फिरावं लागे. १९४७ साली साने गुरुजींनी त्यासाठी पंढरपुरात उपोषण केलं आणि दार उघडलं. तेव्हाही पुष्कळांनी सांगितलं होतं, धर्म बुडाला. बुडाला का? वारी वाढलीच.

नियम नकोत असं आम्ही म्हणत नाही. आमची एकादशी शेवटच्या श्वासापर्यंत चालेल. पिकाला कुंपण लागतंच. पण कुंपणच शेत खाऊ लागलं तर शेतकऱ्यानं काय करायचं, ते तुम्हांला सांगायला नको. म्हणून या शताब्दीला घरोघरच्या मायबापांना आमच्या तीन विनंत्या आहेत. लेकराला माळ समजू द्या, मग ते मागेल तेव्हा घाला. मुलाला एक आणि मुलीला एक असे दोन विठोबा घरात ठेवू नका. आणि पोरानं प्रश्न विचारला, तर त्याचं ताट आणि त्याची शाळा यांना हात लावू नका. भाकरी थांबवून भक्ती येत नाही. भीती येते, आणि भ्यालेलं माणूस पंढरीला चालत आलं तरी त्याचं मन वाटेतच राहतं.

गेल्या वारीला नात आली होती. कॉलेज होतं म्हणून सासवडपर्यंतच. गळ्यात माळ नव्हती. दिवेघाटाच्या पायथ्याला आजीचा श्वास लागला, तेव्हा तिनं आजीच्या डोक्यावरची तुळस उतरवून आपल्या डोक्यावर घेतली आणि घाट चढली. वर पोचल्यावर आम्ही विचारलं, "आता ही वारी कुणाची, बाळ?" घाम पुसत म्हणाली, "ते अजून ठरवलं नाही आबा. तुळस जड आहे, आधी ही धरा."

आम्ही तुळस घेतली. दोघं मिळून पुढं चाललो.

उद्या काल्याला ती येणार आहे. कुणी तिच्या गळ्याकडं बघू नये, एवढीच हात जोडून विनंती.

राम कृष्ण हरी.