कुळवाची पास घडवताना लोखंड किती घ्यावे?

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्या विषयाचा प्राध्यापक. पेरणी, खते, आंतरमशागत हा माझा विषय. पण आज लोहारकामाबद्दल थोडे बोलणार आहे. मशागतीची वेळ साधायची तर अवजार धड असावे लागते, हे मी स्वतः चुकून शिकलो.

काही वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर वडिलांनी मला कुळवाची नवी पास करून आणायला पाठवले. दुकानातून नजरेच्या अंदाजाने पट्टीचा तुकडा घेतला. लोहारदादा म्हणाले, "साहेब, हे कमी पडंल." परत जायचा कंटाळा करून मी म्हणालो, "आहे त्यात बसवा." लांबी-रुंदी पुरी करण्यासाठी पट्टी ठोकून वाढवावी लागली आणि पास पातळ झाली. पहिल्याच दिवशी दगडाला लागून ती वाकली. दुसरी होईपर्यंत पाऊस लागला, पेरणीपूर्वीची पाळी चुकली आणि उगवलेले तण पिकाबरोबर वाढले. त्या वर्षी खुरपणीचा खर्च बराच वाढला. चूक लोहाराची नव्हती, माझ्या अंदाजाची होती.

मूळ नियम

घणाखाली लोखंडाचा आकार बदलतो, आकारमान बदलत नाही. लांबी वाढली तर जाडी किंवा रुंदी कमी होते. म्हणून तयार अवजारात जेवढे लोखंड हवे तेवढे, अधिक घडवताना होणारी घट, एवढे लोखंड घ्यावे. एक घन सेंटिमीटर लोखंडाचे वजन ७.८५ ग्रॅम धरावे.

पासेचे उदाहरण

समजा, पास ६० सें.मी. लांब व ८ सें.मी. रुंद हवी. मागची कड ८ मि.मी. आणि धारेची कड २ मि.मी. ठेवायची, म्हणजे सरासरी जाडी ५ मि.मी. (०.५ सें.मी.) झाली.

आकारमान : ६० × ८ × ०.५ = २४० घन सें.मी.
वजन : २४० × ७.८५ = १,८८४ ग्रॅम.

आता घट पाहू. भट्टीत लोखंड लाल झाले की वरचा थर जळून पापुद्रा सुटतो. त्यासाठी सुमारे ७ टक्के, टोके छाटण्यासाठी ५ टक्के आणि धार घासण्यासाठी ३ टक्के, असे एकूण १५ टक्के धरावेत. जास्त वेळा तापवावे लागणार असेल तर घट वाढते. १,८८४ ग्रॅमचे १५ टक्के म्हणजे सुमारे २८३ ग्रॅम. एकूण लोखंड २,१६७ ग्रॅम लागेल.

दुकानात ६५ मि.मी. रुंद व ८ मि.मी. जाड पट्टी मिळाली, तर तिच्या एक सें.मी. लांबीचे वजन ६.५ × ०.८ × ७.८५ = ४०.८ ग्रॅम होते. २,१६७ ला ४०.८ ने भागल्यास ५३ सें.मी. येतात. तुकडा ५४ सें.मी. कापावा. जानोळीत बसवण्यासाठी टोकांना वेगळा भाग ठेवायचा असल्यास त्याचा हिशेब याच रीतीने करून मिळवावा.

टोकदार वस्तू

गोल सळईची खुंटी करताना टोकाला कमी लोखंड लागते. निमुळत्या टोकाचे आकारमान तेवढ्याच लांबीच्या सळईच्या एक तृतीयांश असते. ४५ सें.मी. खुंटीला १२ सें.मी. टोक हवे, तर सरळ भागाला ३३ आणि टोकाला ४, अशी ३७ सें.मी. सळई पुरते. घट धरून ४० सें.मी. घ्यावी. गोल सळईचे वजन काढायची सोपी रीत अशी : व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा व १६२ ने भागावे. उत्तर दर मीटरला किलोग्रॅममध्ये येते. २० मि.मी. सळई मीटरला सुमारे २.४७ किलो भरते.

आकडेमोड नको असल्यास

विळा, खुरपे यांचे आकार वेडेवाकडे असतात. तेथे दोन उपाय आहेत. पहिला, तसेच न झिजलेले अवजार मूठ काढून तोलावे व वजनात १५ टक्के मिळवावेत. दुसरा, घट्ट मळलेल्या चिकण मातीचे अवजार खऱ्या मापाने करावे. मग तीच माती दाबून पट्टीच्या रुंदी-जाडीची करावी. जी लांबी भरेल तिच्यात घट मिळवावी.

आणखी दोन सूचना

साध्या लोखंडाला पाणी चढत नाही, धार लवकर मरते. विळ्या-खुरप्यासाठी गाडीच्या कमानीचा जुना पाटा घ्यावा; वजनाचा हिशेब तोच राहतो. तुकडा आखूड असेल तर सांडशीत धरायला अडचण होते. म्हणून शक्य असेल तेथे लांब पट्टीच्या टोकालाच अवजार घडवून शेवटी छाटून घ्यावे.

मेळाव्यातून घरी गेल्यावर जुनी पास मोजा, कागदावर हिशेब करा आणि खरेदीपूर्वी तो आपल्या लोहाराला दाखवा. त्यांनी दोन बोटे जास्त सांगितली तर जास्तच घ्या. उरलेला तुकडा कोळप्याला कामी येतो. कमी पडलेला तुकडा वाफसा घालवतो.