आत्याबाईंची खणाची साडी



मागच्या वेळी आम्ही कांदाचाळीवर बोललो, त्याच्या आधी रक्तवाढीच्या गोळ्यांवर. आज कपड्यांवर बोलणार आहोत. हसू नका. आमच्या गटात हा विषय निघाला तेव्हा आम्हीही हसलो होतो आणि त्याच बैठकीत पुढे दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आमचा गट पारनेर तालुक्यातला. बारा जणी आहोत. सगळ्यात धाकटी सत्तेचाळीस वर्षांची, सगळ्यात मोठ्या आत्याबाई, एकाहत्तर वर्षांच्या. महिला दिनाला तालुक्याच्या गावी कार्यक्रम होता आणि सगळ्यांनी एकसारख्या साड्या नेसाव्यात अशी टूम निघाली. एकीच्या सुनेनं मोबाइलवर खणाची साडी दाखवली. हिरवीगार, अंगभर खणाची वीण, लाल काठ, वर फुग्याच्या बाह्यांचा ब्लाउज. किंमत साडेसहाशे. आवडली सगळ्यांनाच, पण आवडली म्हणायला कोणी तयार नव्हतं. "आपलं वय आहे का आता?" "लेकीसुनांना शोभतं ते." "गाव काय म्हणेल?" असं बराच वेळ चाललं. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही घ्या गं, मला धरू नका. मी मागं बसते."

ते 'मागं बसते' आम्हाला लागलं. त्याकडे पुन्हा येऊ.

आधी वयाचं आणि शोभण्याचं बघू. आमच्या आज्या नऊवारी लुगडं नेसायच्या. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट कापड. वर खणाची चोळी, पुढे गाठ मारलेली. मग झंपर आलं, पोलकं आलं. मग गोल साडी आली. आमच्या सासवा सांगतात, गावात मास्तरांची बायको पहिल्यांदा गोल साडी नेसून आली तेव्हा पाणवठ्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. कासोटा नाही म्हणजे काय, असं म्हणत बायका तोंडाला पदर लावत होत्या. आज तीच गोल साडी म्हणजे आपली जुनी रीत झाली आणि पंजाबी ड्रेस म्हणजे नवं थेर झालं. आणखी वीस वर्षांनी ड्रेससुद्धा जुनी रीत होईल आणि आपल्या नाती आणखी कशाला तरी नावं ठेवत बसतील.

गाऊनचं तर नवलच आहे. घरोघरी साठीच्या बायका गाऊन घालतात. मोकळा असतो, हवा खेळते, गुडघे दुखत असले तर उठता बसता बरं पडतं. पण दारात कोणी आलं की धावत जाऊन खांद्यावर टॉवेल टाकायचा. अंगभर गाऊन असताना तो टॉवेल नेमकं काय झाकतो, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. तरी आम्हीही टाकतो.

आणि शेतात? कांदा लावताना, खुरपताना आपण साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतो, डोक्याला फडकं बांधतो. ऊन लागत नाही, हात खरचटत नाहीत. त्या शर्टाला गावात कधी कोणी नाव ठेवलं नाही, कारण तो कामाचा आहे. तीच बाई बाजाराला कुर्ती घालून निघाली की मात्र वेशीपर्यंत माना वळतात. म्हणजे अडचण कपड्याची नाही. म्हाताऱ्या बाईनं राबण्यासाठी काहीही घालावं, पण स्वतःला बरं वाटावं म्हणून काही घालू नये, अशी ती अडचण आहे.

याचा अर्थ सगळ्यांनी उद्यापासून ड्रेस घालावा असा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या राहीबाई पोपेरे बघा. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे त्यांचं गाव. गावरान बियाणं जपलं, 'बीजमाता' म्हणून नाव झालं, २०२० सालची पद्मश्री मिळाली. राहीबाई मोठमोठ्या सभांमध्ये जातात ते नऊवारीतच. व्यासपीठावर सगळे कडक इस्त्रीत, मधे राहीबाई आपल्या लुगड्यात, आणि लोक ऐकतात ते त्यांचं. कुणी नऊवारीत राहावं, कुणी जीन्स घालावी. जिच्या अंगावर कापड आहे तिनं ते ठरवलेलं असावं, एवढंच आमचं म्हणणं.

आता आत्याबाईंकडे येऊ. नात्यानं त्या कुणाच्या आत्या, कुणाच्या चुलतसासू, पण सगळं गाव त्यांना आत्याबाई म्हणतं. मामांना जाऊन बावीस वर्षं झाली. तेव्हापासून त्या विटक्या करड्या नाहीतर फिक्या बदामी साड्या नेसतात. हे कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आणि कुणी सांगितलं नाही असंही नव्हे. दहाव्याच्या दिवशी बांगड्या गेल्या, कुंकू गेलं, त्याबरोबर रंगही गेले. हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं जात नाही. कुणाकडून जात नाही? आमच्याकडून. रेडिओवर सांगायला लाज वाटते, पण खरं ते सांगायला हवं. आम्ही बाराही जणी एका गटात बसतो, एकीच्या कर्जाला दुसरी जामीन राहते, आणि संक्रांतीला त्यांच्या दारावरून वाण घेऊन पुढे जातो.

त्यातून साडी खणाची. खण म्हणजे नुसतं कापड नाही, हे तुम्हाला सांगायला नको. उत्तर कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्ड नावाचं गाव आहे, तिथे खण विणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तो आपल्याकडे येतो. लेक माहेरी आली, सून गरोदर राहिली, पाहुणी निघाली, की खणानारळानं ओटी भरायची. आत्याबाईंच्या ओटीत बावीस वर्षांत खण पडला नव्हता. आमच्यातली एक बोलता बोलता हे म्हणून गेली आणि बैठक गप्प झाली. दोघी रडल्या त्या तेव्हा. आत्याबाई रडल्या नाहीत. त्या हिशेबाची वही पुढे ओढून म्हणाल्या, "चला, हप्ते लिहा."

तुम्हाला हेरवाडचं आठवत असेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या पाटी घेऊन शाळेला निघाल्या आणि त्यांचा गणवेश ठरला गुलाबी साडी. आपल्या जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलं त्या अहिल्यादेवी जामखेडच्या चोंडीच्या. १७५४ साली त्यांचे यजमान लढाईत गेले. तसबिरीत त्या आपल्याला पांढऱ्या वस्त्रातच दिसतात. पण महेश्वरला विणकर आणून वसवले ते त्यांनीच, आणि त्या मागांवरच्या रंगीत साड्या आजही महेश्वरी म्हणून लोक मिरवतात. ठराव, परिपत्रक सगळं चांगलंच आहे. पण परिपत्रक काही आत्याबाईंच्या दाराशी वाण घेऊन जात नाही. ते आपल्यालाच जावं लागतं.

आम्ही बारा साड्या मागवल्या. पैसे प्रत्येकीनं आपापले घातले, गटातून कर्ज काढलं नाही. कपड्यासाठी कर्ज काढू नये, हे आमचं मत पक्कं आहे. आत्याबाईंची साडी त्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी पैसे मोजून हातावर ठेवले, साडी ट्रंकेत टाकली आणि मापाला काही आल्या नाहीत.

मापाचा विषय निघालाच आहे तर चार गोष्टी सांगून टाकतो, कारण फॅशन अंगाला बोचली की माणूस पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. आमच्या वयाच्या बायका शिंप्याकडे जाताना जुना ब्लाउज घेऊन जातात. तो ब्लाउज दहा वर्षांपूर्वीच्या अंगाचा असतो. तेव्हापासून दंड भरलेत, पाठ थोडी वाकलीय. नवा ब्लाउज शिवताना माप नव्यानं द्या. मुंढा मोकळा ठेवा, नाहीतर हात वर करून फळीवरचा डबा काढता येत नाही. बाही कोपरापर्यंत हवी की फुग्याची, ते आपण सांगायचं. हूक पुढेच ठेवा. पाठीमागची हूक लावायला खांदा साथ देत नाही आणि रोज सुनेला हाक मारावी लागते. शिंप्याला आत दोन बोटं माया ठेवायला सांगा, पुढे उसवून ढिला करता येतो. शिवलेली नऊवारी सध्या फार चाललीय. दिसते झकास आणि दोन मिनिटांत अंगावर चढते. पण ती विजारीसारखी असते, लघवीला जायचं तर सगळी उतरवावी लागते. ज्यांना वरचेवर जावं लागतं त्यांनी विकत घ्यायच्या आधी हा विचार करा. हे दुकानदार सांगत नाही. आणि चकचकीत सिंथेटिक साडी नेसून चुलीपुढे बसू नका, ती पेट घेताना वितळून कातडीला चिकटते. घरात सुतीच बरी.

सगळ्यात महत्त्वाचं परकराच्या नाडीचं. ती आपण आवळून बांधतो, साडी सुटू नये म्हणून, चाळीस चाळीस वर्षं त्याच जागी. कंबरेवर काळा पट्टा पडतो, खाज येते, आपण हळद लावतो आणि विसरतो. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय मासिकात दोन बायकांची हकिगत छापली. एक सत्तर वर्षांची, तिच्या कंबरेच्या बाजूची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरीही साठीच्या पुढची, तिनं आयुष्यभर लुगडं कंबरेला घट्ट खोचलेलं. दोघींच्या त्या जखमेत कॅन्सर निघाला. घाबरू नका, असं क्वचितच होतं. पण नाडी रुंद पट्टीची घ्या, ढिली बांधा, बांधायची जागा वरखाली बदलत राहा. घरी असताना सैल गाऊन घाला, तोही टॉवेल न टाकता. आणि कंबरेवरची जखम महिनाभरात भरत नसेल तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.

तर आत्याबाई. कार्यक्रमाला चार दिवस उरले तेव्हा आमच्यातली शिवणकाम करणारी स्वतः टेप घेऊन त्यांच्याकडे गेली. आत्याबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. "माप तर घेऊ द्या, नेसू नका पाहिजे तर," असं ती म्हणाली. आत्याबाईंनी हात वर केले. माप घेता घेता हळूच विचारलं, "बाही फुग्याचीच करणार का गं?" तिनं विचारलं, "साधी करू?" आत्याबाई म्हणाल्या, "नको. सगळ्यांची असेल तशीच कर."

महिला दिनाच्या सकाळी आम्ही अकरा जणी एसटीच्या थांब्यावर उभ्या. बाराव्या आल्या त्या उशिरा. हिरवी साडी, लाल काठ, डोक्यावरून पदर, हातात रोजचीच कापडी पिशवी. थांब्यावर त्यांचे दीर पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, या वयात कुणासाठी नटलात?"

आम्ही सगळ्या उत्तर शोधत होतो. बैठकीत एवढं बोलणाऱ्या आम्ही, एकीच्याही तोंडातून शब्द फुटेना. आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भाऊजी, साडेसहाशेची साडी आहे, माझ्या कोंबड्यांच्या पैशाची. बसू द्या जरा, गाडी येईल." दीर सरकले. त्या त्यांच्या शेजारी बसल्या.

पारनेरला त्या मागे बसल्या नाहीत, पण पुढेही बसल्या नाहीत. मधल्या रांगेत बसल्या आणि अर्धा कार्यक्रम झोपल्या. परत येताना त्यांची एकच तक्रार होती, ब्लाउजचा मुंढा काचतो. माया ठेवलेली होती, दुसऱ्या दिवशी उसवून दिला.

त्यानंतर रोज त्या हिरवी साडी नेसतात असं नाही. करड्या साड्या अजून आहेत, आणि कुंकवाचा विषय आम्ही काढला तर त्या उठून जातात. तो त्यांचा त्या ठरवतील. पण आम्ही आमच्यापुरतं एक ठरवलंय. येत्या संक्रांतीचं हळदीकुंकू गटाचं, आणि ते आत्याबाईंच्या ओट्यावर. त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बघू." आणि थोड्या वेळानं, "तिळगूळ किती किलोचा करायचा?"