एका आकाशातील दोन वेतने

बीदर व कलबुर्गी हे जिल्हे ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे १९४५ साली डेक्कन एअरवेज ही विमानकंपनी निघाली. १९५३ च्या कायद्याने ती इतर देशी कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. नोकरवर्ग पूर्वीच्याच वेतनावर व शर्तींवर सामावला गेला. नोकरी टिकली, पण एका छपराखाली अनेक वेतनश्रेणी नांदू लागल्या.

विमाने एकत्र करणे सोपे, वेतने जुळविणे अवघड. २००७ साली एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. २०११ साली समान वेतनासाठी वैमानिकांनी संप केला आणि धर्माधिकारी समिती नेमावी लागली.

कलबुर्गीचा विमानतळ २०१९ मध्ये व बीदरचा २०२० मध्ये प्रवाशांना खुला झाला, तोही लहान विमानांच्या आधारावर. आसने थोडी म्हणून उत्पन्न थोडे, हा मालकांचा युक्तिवाद खोटा नव्हे. परंतु यंत्रज्ञाची जबाबदारी आसनांच्या संख्येने घटते काय? उलट, जवळच्या पल्ल्यांवर वैमानिकास एका दिवसात अधिक वेळा विमान उतरवावे लागते.

‘उडान’ योजनेत ठराविक आसनांचे भाडे मर्यादित असते आणि कंपनीची तूट काही काळ सरकारी साहाय्याने भरून निघते. स्वस्त प्रवास ही समाजाची इच्छा असेल, तर तिचा भार समाजानेच वाहावा. तो नोकराच्या पगारातून वसूल होऊ नये. मोठ्या विमानासाठी भत्ता निराळा असावा. मूळ श्रेणी मात्र एकच असणे न्याय्य होय.