जोडी जिभेची, हिशेब घशाचा

मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात मी ३१ वर्षं नोकरी केली. ट्रे उचलण्यापासून सुरुवात केली आणि बारचा कॅप्टन म्हणून निवृत्त झालो. आमच्या घरात दारूचा थेंब नाही. तंबाखू काय ती आजोबांच्या चंचीतली. अशा घरातला मुलगा पाहुण्यांना सिगार आणि वाइनची जोडी सुचवू लागला, तेव्हा आईने शेजाऱ्यांना ‘मुलगा हॉटेलात हिशेब लिहितो’ असंच सांगितलं!

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझी फजिती झाली. एका पाहुण्याने जेवणानंतर व्हाइट वाइन मागवली आणि सोबत एक सिगार. मी ऐटीत पेटीतली सगळ्यात काळी, जाडजूड सिगार पुढे केली. महाग ते चांगलं, एवढंच माझं ज्ञान. चार झुरके झाले आणि पाहुण्याने ग्लास बाजूला सारला. ‘‘ही वाइन आहे की पाणी?’’

आमचे तेव्हाचे कॅप्टन मूळचे गोव्याचे. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘अरे, बासरीशेजारी ढोल बसवलास. मग बासरी ऐकू कशी येणार?’’

त्या रात्री काम आटोपल्यावर त्यांनी मला तंबाखूचं पान शिकवलं. क्यूबात रोपाच्या खालच्या पानांना ‘व्होलादो’ म्हणतात, मधल्यांना ‘सेको’ आणि शेंड्याकडच्यांना ‘लिगेरो’. शेंड्याला ऊन जास्त, म्हणून ती पानं जाड आणि जहाल. अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात तर पिकावर कापडाचा मांडव घालत. त्या सावलीतलं पान पातळ आणि फिकट सोनेरी निघतं. ते बाहेरून गुंडाळलेली सिगार बहुधा सौम्य असते. तिला साय, सुकं गवत, बदाम अशा चवी असतात.

व्हाइट वाइनसाठी रस सालींपासून वेगळा करून आंबवतात. त्यामुळे रेड वाइनचा तुरटपणा तिच्यात नसतो आणि जहाल सिगारीपुढे ती टिकत नाही. सौम्य सिगारीला ओकच्या पिंपात मुरलेली शार्डोने शोभते, कारण तिच्यातही लोणी आणि व्हॅनिलाची छटा असते. फार आंबट वाइन धुराबरोबर कडवट लागते. बर्फासारखी गार केली तर तिची चव झोपते; दहा-बारा अंश पुरेत. २००० नंतर नाशिककडची शेनिन ब्लाँ आमच्याकडे येऊ लागली. तिचा हलका गोडवाही फिकट सिगारीला मानवतो. नियम एकच, कुणी कुणावर कुरघोडी करायची नाही.

कॅप्टन स्वतः रोज रात्री एक सिगार ओढत, सोबत अर्धा ग्लास वाइन. कुणी टोकलं तर म्हणत, ‘‘आपली सौम्य असते रे. आणि धूर मी आत कुठे घेतो?’’

पुढे त्यांचा आवाज बसला. महिनाभर मिठाच्या गुळण्या झाल्या, मग तपासणी झाली. घशाचा कर्करोग निघाला. मी भेटायला गेलो होतो, तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सिगारीचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो गिळला नाही तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच अंगात जातं आणि सवय लागते. तंबाखूतली विषं तर तोंडात, घशात फिरतातच. त्यात मद्य असलं की त्यांना पेशींत शिरायला वाट सोपी होते. दोघांचे धोके नुसते एकत्र येत नाहीत, ते एकमेकांना वाढवतात. जिभेवर एकमेकांचा मान राखणारी जोडी घशात संगनमत करते, श्रोतेहो. ‘सौम्य’ हा शब्द चवीचा आहे, धोक्याचा नाही.

शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावं लागलं. ज्या माणसाने मला बोलून बोलून घडवलं, तो वहीत लिहून बोलू लागला. एका भेटीत त्यांनी लिहिलं, ‘‘जोडी सांगतोस, तेव्हा हेही सांग.’’ मी मान हलवली.

आणि सांगितलं नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, पाहुणे वेगळ्या खोलीत जाऊन ओढू लागले. जोडी मात्र मलाच विचारत आणि मी हसतमुखाने अर्धीच गोष्ट सांगत राहिलो. गिऱ्हाइकाच्या आनंदात विरजण घालणारा कॅप्टन कोणत्या हॉटेलाला हवा असतो? घर चालवायचं होतं, एवढंच माझं समर्थन.

आता नोकरी नाही. कॅप्टनही नाहीत. त्यांनी दिलेली वही माझ्या कपाटात आहे. आकाशवाणीने ‘चवीबद्दल बोला’ म्हणून बोलावलं, तेव्हा ती काढून पाहिली आणि ठरवलं, या वेळी गोष्ट पूर्ण सांगायची. जोडी कशी जमवायची ते सांगून झालं. उरलेलं अर्धं त्यांचं होतं, तेही आज सांगितलं.