झिंग्यांचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गांधीबागेतल्या बाईने समुद्रावर बोलावे, ह्याचे आपणांस नवल वाटेल. आपला समुद्राशी संबंध सुक्या झिंग्यांच्या चटणीपुरता! पण कोळंबीच्या तळ्यांचा हिशेब आपल्या नागपुरातच मांडला गेला, म्हणून बोलते.

1990 नंतर आंध्र व तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कंपन्यांनी भाताच्या जमिनी घेऊन तळी खोदली. समुद्राचे पाणी पंपाने आत घ्यायचे, त्यात जमिनीतले गोडे पाणी मिसळायचे, कोळंबीला खाद्य व औषधे घालायची आणि घाण पाणी खाडीत सोडायचे, अशी रीत. माल परदेशी जाई, देशाला चलन मिळे, हेही खरेच. पण खार जमिनीत मुरला, विहिरी खारावल्या. कोळ्यांची समुद्राकडची वाट अडली. आणि लावणी, निंदण, कापणी करून पोट भरणाऱ्या बाईचे काम गेले. तळ्यावर चार राखणदार पुरतात. वर पिण्याच्या पाण्यासाठी घागर घेऊन लांब जायचे तेही तिनेच!

नागपट्टणम् भागात कृष्णम्माल व त्यांचे पती एस. जगन्नाथन् हे सर्वोदयी जोडपे ह्या बायांच्या बाजूने उभे राहिले. भूदानासाठी गावोगाव पायी हिंडलेली ही माणसे. जगन्नाथन् सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने पाहणी सोपविली ती आपल्या नागपूरच्या ‘नीरी’कडे. 1995 सालच्या तिच्या अहवालात नुकसान आंध्रात उत्पन्नाच्या सुमारे चौपट, तामिळनाडूत दीडपट निघाले. घरात शंभर रुपये आणावेत आणि शेजारणीचे चारशे बुडवावेत, तसेच की हे!

11 डिसेंबर 1996 रोजी निकाल लागला. किनारा-नियमाच्या पट्ट्यातली तळी 31 मार्च 1997 पर्यंत मोडावीत, पारंपरिक तळी तेवढी राहू द्यावीत, नुकसान भरून द्यावे, काम सुटलेल्या मजुरांना सहा वर्षांची मजुरी द्यावी. बायांना केवढा आनंद झाला असेल! पण पुनर्विचाराच्या अर्जांत तोडणी अडली, आणि 2005 साली संसदेने निराळा कायदा करून नोंदलेल्या तळ्यांना वाट मोकळी केली. आज परदेशी जाणाऱ्या आपल्या मासळीत सर्वांत अधिक पैसा कोळंबीचाच आहे.

हे घरी सांगितले तेव्हा सून म्हणाली, “आई, मग झिंगे आणायचेच नाहीत का?” सुके झिंगे बहुधा जाळ्याने धरलेले असतात, एवढे मी तिला सांगू शकले. परवा एका लग्नात मात्र बर्फातली मोठी कोळंबी पानात आली. कुठल्या तळ्यातली, म्हणून मी वाढप्याला विचारले. तो हसला आणि पुढच्या पंगतीकडे गेला.