जवळच्या गावाला प्रकाश जास्त होतो तेव्हा



गोंदिया हा तलावांचा जिल्हा. पाटाच्या शेवटच्या बांधीस पाणी पोचत नाही ही जशी अडचण, तशीच तोंडाशी असलेल्या बांधीत ते जोराने शिरून रोप उखडते, हीही अडचणच. हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. ऑप्टिकल फायबरचेही तसेच आहे. मात्र या दुसऱ्या अडचणीची दखल क्वचितच घेतली जाते.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे 'भारतनेट' हे नाव मिळालेल्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात, तालुक्याच्या केंद्रातून निघणारा प्रकाश स्प्लिटरमधून निरनिराळ्या ग्रामपंचायतींकडे वाटला गेला. या पद्धतीच्या सर्वत्र रूढ असलेल्या बी-प्लस वर्गात केंद्रातील यंत्र दीड ते पाच डीबीएम शक्तीचा प्रकाश सोडते. गावातील यंत्रास उणे ८ ते उणे २७ डीबीएम एवढाच प्रकाश नीट वाचता येतो. तीन डेसिबल घटले की शक्ती निम्मी, दहा घटले की दहावा हिस्सा, हा हिशेब ध्यानात असावा.

समजा, आमगावच्या केंद्रापासून एखादे गाव दोनच किलोमीटरवर आहे. केंद्रातून ३ डीबीएम निघाले. तंतूत अर्धा डेसिबल, जोडांत एक आणि दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये साडेतीन खर्ची पडले. गावात पोचले उणे २, म्हणजे मर्यादेच्या चौपट. यंत्र बधिर होते, दाखल्यासाठी आलेला माणूस ताटकळतो, आणि केबल तुटली असे समजून खोदकाम सुरू होते! गावातून उलट जाणारा प्रकाशही केंद्रास असह्य होतो. त्याचा उपद्रव त्याच तंतूवरील दूरच्या गावांनाही होऊ शकतो.

उपाय स्वस्त आहे. दहा डेसिबलचा अटेन्युएटर बसविला की उणे २ चे उणे १२ होतात, आणि परतीचा प्रकाशही तेवढाच मंदावतो. तो १३१० व १४९० नॅनोमीटर या दोन्ही तरंगलांबींस चालणारा हवा आणि स्प्लिटरच्या पुढे, जवळच्या गावाच्या फाट्यावरच बसवावा. अलीकडे बसविल्यास दूरची गावे उपाशी राहतील. काही ठिकाणी तंतूस वेटोळे घालून प्रकाश कमी करतात. ही युक्ती माझ्या मते सर्वथा वर्ज्य आहे, कारण त्यात दोन तरंगलांबी सारख्या घटत नाहीत आणि काचेस सूक्ष्म तडे जाण्याची भीती राहते.

यंत्र जोडण्यापूर्वी पॉवर मीटरने प्रकाश मोजावा, आणि तो आकडा तारखेनिशी ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहून घेण्याचा आग्रह सरपंचांनी व ग्रामसेवकांनी धरावा. शाळेत यंत्र असल्यास शिक्षकांनी मुलांना बजावावे की, तंतूच्या टोकात डोकावू नये. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.