पदवीचा वारसा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



मॅट्रिक होऊन ज्याने आयुष्यभर खेडेगावच्या शाळेत पाढे घोकून घेतले, त्याने अमेरिकेतील विद्यापीठांविषयी बोलावे, हे कित्येकांस धाडसाचे वाटेल. परंतु गेल्या दिवाळीत परदेशस्थ असे एक ज्ञातिबंधू आमच्या घरी आले आणि सहज म्हणाले, ‘‘गुरुजी, मी तेथे शिकलो, त्यामुळे आता मुलाचीही सोय होईल.’’ ‘सोय’ या शब्दाने आम्हांस विचारात पाडले. मग आम्ही नातवाकडून माहिती मिळवून वाचू लागलो. तीच आपणांपुढे ठेवतो.

अमेरिकेतील अनेक नामांकित महाविद्यालयांत प्रवेशार्थ्याचे आईवडील कोठे शिकले, हे अर्जातच विचारतात. ते त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी असतील, तर मुलाचे पारडे जड होते. कोठे वडिलांची पहिली पदवीच मोजतात, कोठे वरची पदवीही चालते. या प्रथेस तेथे ‘लेगसी’ म्हणतात. आपण तिला घराण्याचा वशिला म्हणू.

ही प्रथा फार प्राचीन आहे असे नाही. १९२० नंतरच्या दशकात पूर्वेकडील जुन्या विद्यापीठांत परीक्षेच्या बळावर ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊ लागले. हार्वर्डचे अध्यक्ष लोवेल यांनी १९२२ साली त्यांची संख्या मर्यादित करण्याची सूचना केली. केवळ गुण न पाहता मुलाचे ‘शील’, घराणे, राहणी पाहण्याची रीत त्याच सुमारास रूढ झाली आणि माजी विद्यार्थ्यांच्या पुत्रांस झुकते माप मिळू लागले. म्हणजे ज्यास आज परंपरा म्हणतात, तिच्या मुळाशी परक्यास दाराबाहेर ठेवण्याची इच्छाही होती.

आता आकडे पाहू. २०१८ साली हार्वर्डविरुद्धचा खटला बोस्टनच्या न्यायालयात चालला, तेव्हा सहा वर्षांचे प्रवेश उजेडात आले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी शेकडा सुमारे ३३ जणांस प्रवेश मिळाला होता. इतरांपैकी शेकडा सुमारे ६ जणांस. यावर कोणी म्हणेल, ‘‘शिकलेल्या घरातील मुले हुशार निघणारच.’’ आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसरा आधार घेऊ. राज चेट्टी आदी अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली बारा नामांकित संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेतील गुण सारखेच असताना, सर्वांत धनाढ्य अशा शेकडा एक कुटुंबांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तेथे पोहोचतात, असे त्यांस आढळले. आणि त्याचे एक मोठे कारण हा घराण्याचा वशिलाच होता.

संस्था म्हणतात, यामुळे माजी विद्यार्थ्यांचा जिव्हाळा टिकतो, देणग्या येतात. परंतु एम.आय.टी. व कॅलटेक या संस्था घराणे पाहत नाहीत, तरी त्यांची कीर्ती उणावलेली नाही. जॉन्स हॉपकिन्सने ही प्रथा २०१४ साली बंद केली. तेथे २००९ साली नव्या विद्यार्थ्यांत शेकडा १२.५ माजी विद्यार्थ्यांची मुले होती. २०१९ साली ती ३.५ उरली, आणि सरकारी साहाय्यास पात्र अशा गरीब विद्यार्थ्यांचे प्रमाण दुपटीने वाढले. तेथे शिष्यवृत्त्याही वाढल्या होत्या, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. ॲमहर्स्टने २०२१ साली तोच मार्ग धरला. कॅलिफोर्नियाने २०२४ साली केलेल्या कायद्याने खासगी महाविद्यालयांतही ही प्रथा निषिद्ध ठरली.

बंधुभगिनींनो, आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियास वैद्यक शिकावयास गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ‘वडील येथे शिकले’ असे सांगण्याजोगे त्या दोघांपाशी काहीही नव्हते. दार उघडे होते म्हणून ती माणसे आत गेली आणि महाराष्ट्र मोठा झाला.

पण अमेरिकेस नावे ठेवून घरी जाणे सोपे आहे. पळसाला पाने तीनच. आम्ही एका वसतिगृहाच्या निवड समितीवर होतो, त्या काळची गोष्ट. जागा एक, अर्ज दोन. एका मुलाचे वडील व आजोबा त्याच वसतिगृहात राहिलेले. आजोबांचे नाव दिवाणखान्यातील संगमरवरी पाटीवर कोरलेले. दुसरा मुलगा आडगावचा, वडील दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिणारे. गुण मात्र त्याचे अधिक. समितीत कोणी वाद घातला नाही. पाटीकडे पाहून सर्वांनी हात वर केले. त्यांत आमचाही हात होता. छत्तीस वर्षे मुलांना न्याय शिकविणाऱ्याचा तो हात! तो दुसरा मुलगा पुढे कोठे राहिला, शिकला की नाही, हे आम्ही कधी विचारलेही नाही. आणि तेच आज अधिक सलते.

म्हणून आमची मंडळास नम्र विनंती आहे. आपल्या शिष्यवृत्तीच्या व वसतिगृहाच्या अर्जात ‘कुटुंबातील कोणी पूर्वी लाभ घेतला आहे काय?’ असा रकाना आहे. तो राहू द्यावा, पण त्याचा अर्थ उलटा करावा. ज्याच्या घरी त्याचे उत्तर ‘नाही’ असे येईल, गुण सारखे असता त्याचा विचार प्रथम व्हावा. देणगीदारांचा मान पाटीवर आहे, तो तेथे अखंड राहो. यादीत त्याची गरज नाही.

आणि सत्कारमूर्ती मुलांनो, तुमचे वडील जेथे शिकले त्या संस्थेचा अभिमान अवश्य बाळगा. वडिलांची पुस्तके वारशाने घ्या, त्यांची शिस्त घ्या. दुसऱ्याची जागा मात्र वारशाने घेऊ नका.